मंगळवारचा तरुण

मंगळवारी सकाळी साडेसातला प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं की सुईबाई आधी खिडकी उघडायची, मग इन्क्युबेटरचं बटण दाबायची आणि मग स्वतःच्या डाव्या दंडाला रबरी पट्टा बांधून त्याचं टोक दातांत धरायची. उजव्या हातानं सुई घालायची, छोटी ट्यूब भरेल एवढं रक्त काढायचं, ट्यूबवर ‘त-१’ असं लेबल चिकटवायचं आणि ती रॅकच्या पहिल्या भोकात उभी करायची. त्यानंतर चहा. एक बाळंतपण आणि एक मोडलेलं मनगट सोडलं, तर एकतीस वर्षांत हा क्रम चुकला नव्हता.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच सुखानं नांदत होतं. रक्त द्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला सुईबाई करून टाकलं, आणि तिनंही ते मनाला लावून घेतलं नाही. सुई तिच्याइतकी हलकी कुणाचीच नव्हती. ‘टोचलंत का?’ असं लोक विचारायचे तेव्हा ती कापूस दाबून उभी असायची.

हे म्हातारे म्हणजे सगळे सत्तरीच्या पुढचे, मोजून पन्नास. अर्धे जण गेले सहा महिने रोज मासळीच्या तेलाची कॅप्सूल गिळत होते आणि अर्धे जण तशीच दिसणारी, पण साध्या तेलाची. कुणाला कुठली हे एका बंद पाकिटातल्या यादीवर होतं आणि ते पाकीट अभ्यास चालवणाऱ्या मॅडमच्या कपाटात होतं. म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या ढेकरांवरून पहिल्याच महिन्यात अर्धी यादी फोडली होती, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न साधा होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. प्रत्येक पेशीला एक पातळ पापुद्रा असतो आणि त्यात बराचसा भाग स्निग्ध पदार्थांचाच असतो. माणूस जसलं तेल-लोणी खातो, त्यातलं थोडं थोडं जाऊन त्या पापुद्र्यात बसतं. थंडीत लोणी कसं घट्ट होतं आणि तेल वाहतं राहतं, तसाच पापुद्राही कुणाचा ताठ, कुणाचा मऊ. वय वाढलं की पहारेकऱ्यांची दोन दुखणी सुरू होतात. एक म्हणजे हाक मारली तरी वेळेवर उठत नाहीत, आणि दुसरं म्हणजे एकदा उठून आरडाओरडा सुरू केला की चोर गेला तरी गप्प बसत नाहीत. घरच्या वडीलधाऱ्यांशी हे किती जुळतं, असं मोठ्यानं म्हणायची हिंमत प्रयोगशाळेत फक्त सुईबाईत होती. तेल बदललं तर पहारेकरी सुधारतात का, हे मॅडमना बघायचं होतं.

त्यासाठी पेशी काचेच्या स्लाइडवर बसवायच्या, त्यांच्यापुढे यीस्टचे दाणे टाकायचे, अर्धा तास इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायच्या आणि मग रंग देऊन मायक्रोस्कोपखाली मोजायचं, की शंभर पेशींनी मिळून किती दाणे खाल्ले. प्रत्येक प्रयोगशाळेचं यीस्ट वेगळं, रंग वेगळा, म्हणून हा आकडा बाहेरच्यांशी जुळवत नाहीत. तो जुळवायचा घरच्या तरुणाशी. तो घरचा तरुण म्हणजे त-१.

आणि या तरुणाशी एका माणसाची जुंपली होती. तो माणूस म्हणजे शिंपीकाका. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात कायमची टेप, खिशात सुईदोरा. त्यांची पाळी महिन्यातून एकदाच यायची, पण ते दर मंगळवारी येऊन बाकावर बसायचे आणि बसल्या बसल्या बाकीच्यांची तुटकी बटणं लावून द्यायचे. घरी मुलगा आणि सून दोघंही कामावर, भिंतींशी किती बोलणार?

“काय सुईबाई, पेशी जेवल्या का?” त्या मंगळवारी त्यांनी दारातूनच विचारलं.

“जेवल्या. गेल्या खेपेला शंभरांनी मिळून एकशे अठ्ठ्याण्णव दाणे हाणले.”

खरं तर आकडे सांगणं नियमात बसत नव्हतं. पण म्हातारा माणूस स्वतःच्या रक्ताची चौकशी करतोय, आणि त्याला काय ‘तुमचा संबंध नाही’ असं सांगायचं?

“आणि तो?”

“दोनशे एक.”

“तीन दाणे!” काकांनी बाकावर थाप मारली. “फक्त तीन दाण्यांनी वाचला पठ्ठ्या! सहा महिन्यांपूर्वी मी किती होतो?”

“एकशे बावन्न.”

“ऐकलंत का रे?” काकांनी बाकावरच्या मंडळींकडे वळून छाती काढली. “त्या पोराला माझा निरोप द्या, म्हणावं आता जरा जपून. बरं, आहे तरी कोण हो तो?”

“नाव सांगायचं नसतं, काका.”

“नाव नका सांगू. अंगानं कसा आहे तेवढं सांगा.”

सुईबाईला खोटं बोलणं जमत नसे. ती म्हणाली, “असेल माझ्याएवढाच.”

“म्हणजे काडीपैलवान!” काका खूश झाले आणि त्यांनी तिच्या खांद्यांकडे, हातांकडे एक नजर टाकली. पन्नास वर्षं लोकांची मापं घेतलेल्या माणसाची नजर ती, टाकली जातेच.

मग ते उठले आणि दाराजवळच्या नोटीस बोर्डापाशी गेले. तिथं यादी लागली होती, पुढच्या मंगळवारी सगळ्या ज्येष्ठांना फ्लूची लस फुकट. काकांनी खिशातून कापडावर आखायचा खडू काढला आणि आपल्या नावावर आडवी रेघ मारली.

“हे काय हो?”

“मला कशाला लस? माझ्या पेशी तरण्या पोराच्या बरोबरीला आल्यात. उगाच टोचून घ्यायला मी काय टाचण्यांची उशी आहे?”

“काका, मागच्या हिवाळ्यात अकरा दिवस दवाखान्यात होतात तुम्ही. छाती भरली होती.”

“तेव्हा मी एकशे बावन्न होतो,” काका म्हणाले. बाकावरच्या आणखी दोघांनी काकांकडून खडू मागून घेतला. ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणतात ते हेच, असं सुईबाईच्या मनात आलं. पण तेवढ्यात इन्क्युबेटरची घंटा वाजली आणि ती आत पळाली.

गुरुवारी दुपारी मॅडमनी तिला हाक मारली.

मॅडम तीन वर्षांपूर्वी इथं आल्या. वयानं चाळिशीच्या अलीकडच्या, चालणं झपझप, आणि चहा कायम गार, कारण तो आणून ठेवलाय हेच त्यांच्या लक्षात नसायचं. रागावल्या तरी आवाज चढवत नसत. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा झाला होता. पाकीट फोडलं होतं, यादी जुळवली होती, आणि पडद्यावर दोन रेघा एकमेकींना भेटायला चालल्या होत्या.

“हे बघा. साधं तेलवाले जिथल्या तिथं आहेत. मासळीवाले वर वर येऊन तरुणाच्या बरोबरीला टेकले! सुईबाई, सहा महिन्यांत! उद्या संध्याकाळी अहवाल जातोय. फक्त एक रकाना राहिला. ह्या त-१ची जन्मतारीख हवी. वहीत नुसतं वय लिहिलंय.”

“काय लिहिलंय?”

“सव्वीस. तेच टाकलंय मी. मी नऊला येते तेव्हा ट्यूब रॅकमध्ये असतेच, त्यामुळे कधी भेट झाली नाही. विद्यार्थी आहे का कुणी?”

सुईबाईनं पडद्याकडे पाहिलं. तक्त्याच्या डोक्यावर सुबक अक्षरांत छापलं होतं, ‘त-१ : तरुण, निरोगी, वय २६.’

“बघते,” ती म्हणाली आणि थेट मागच्या सामानाच्या खोलीत गेली.

तिथं कपाटात एकतीस वह्या होत्या, वर्षाला एक. पहिलीच्या पहिल्या पानावर जुन्या साहेबांचं तिरकं अक्षर होतं. ‘त-१ : तरुण, निरोगी, वय २६. दर मंगळवारी. माणूस बदलू नये.’ नोकरीच्या पहिल्या महिन्यात साहेबांनी तिला विचारलं होतं, तुझंच रक्त घेऊ का गं, तू तर रोज इथंच असतेस. ती हो म्हणाली होती. साहेब निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचेही झाले, अभ्यास बदलले, यंत्रं बदलली, पण दर नव्या वहीत ती ओळ जशीच्या तशी उतरली. माणूस बदलू नये, असं सांगितलं होतं, आणि सुईबाईनं माणूस बदलला नाही.

तुम्ही म्हणाल, बाईच्या लक्षात कसं आलं नाही? पण घरातल्या शेंडेफळाला ‘बाळ’ म्हणतात आणि तो बाळ साठीला टेकून नातवंडं खेळवतो, तरी बाळच राहतो ना? तसंच हे. तिला त-१ म्हणजे रॅकमधलं पहिलं भोक, एवढंच ठाऊक होतं. त्या नावात तिचं वय लपलंय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पन्नास माणसांच्या रक्तातलं म्हातारपण मोजलं, आणि दिव्याखाली हा असा अंधार.

वही छातीशी धरून ती स्टुलावर बसली. शरम वाटली, भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर या सगळ्याच्या तळाशी एक लबाड गुदगुलीही होती. एकतीस वर्षं कुणीतरी आपल्याला सव्वीसची समजत होतं.

घरी आली तेव्हा नवरा ओट्यापाशी अक्रोड फोडत होता. हा गृहस्थ बसचा ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तोवर घरात सुईबाईचा खाक्या चालायचा, कामावरून यायचं, जे हाताला लागेल ते डालड्यात तळायचं आणि मोकळं व्हायचं. नवऱ्यानं तळणीची कढई वरच्या फळीवर टाकली. आठवड्यातून तीनदा वाफवलेली मासळी, मूठभर अक्रोड आणि जवसाची पूड. जवस तर पाण्याचा पेला सोडून सगळ्यावर पडायचा. ‘चाळीस वर्षं इंजिनात कुठलं तेल जातंय ते डोळ्यांत तेल घालून बघितलं,’ तो म्हणायचा, ‘आणि बायको मात्र डालड्यावर चालवली.’

“अहो,” ती पर्स न ठेवताच म्हणाली, “मी सव्वीस वर्षांची आहे.”

“कोण म्हणतं?”

“वही म्हणते. आणि उद्या अहवालही तेच म्हणणार आहे.”

तिनं सगळं सांगितलं. तो आधी एवढा हसला, की अक्रोडाचं कवच ओट्याखाली गेलं. मग तिचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं.

“मी गप्प बसले तर कुणाला कळणार नाही,” ती म्हणाली. “झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन, त-१ माझ्याबरोबर घरी येईल.”

“आणि बोललीस तर?”

“तर मॅडमचं वर्षभराचं काम पाण्यात. त्या मला टेबलावरून उठवतील. फायली लावायला बसवतील. अहो, मला दुसरं काही येत नाही. मला ते टेबल सोडायचं नाही.” तिनं पर्स ओट्यावर ठेवली. “पण काकांनी नाव खोडलंय. त्यांना वाटतं ते तरुणाच्या बरोबरीचे झालेत. ते बरोबरीला आलेत ते माझ्या! सत्तावन्न वर्षांच्या बाईच्या! आणि हिवाळा तोंडावर आलाय.”

नवरा खाली वाकून कवच शोधत राहिला. मग तिथूनच म्हणाला, “मला डेपोत एकदा सांगितलं होतं, ब्रेक ठीक आहेत, काढ गाडी. मी विचारलं, कुणी तपासले? तर म्हणे, कागदावर लिहिलंय. मी नाही काढली.”

“मग काय झालं?”

“आठवडाभर घरी बसवलं. तू तेव्हा रोज काहीतरी तळून घालत होतीस.” तो कमरेवर हात ठेवून उठला. “टेबलावरून उठवलंच, तर घरी ये. जेवण तयार असेल.”

शुक्रवारी नऊ वाजता मॅडम आल्या, तेव्हा सुईबाई त्यांच्या दारात पहिली वही घेऊन उभी होती. पाठ करून आणलेलं सगळं विसरली. तिनं सरळ डावी बाही वर केली आणि कोपराच्या खळीत एकतीस वर्षांच्या मंगळवारांनी उठवलेला बारीक ठिपक्यांचा डाग दाखवला.

“मॅडम, त-१ मी आहे.”

मॅडमना कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि त्या खुर्चीत हळूच टेकल्या.

“म्हणजे वय...”

“सत्तावन्न. येत्या थंडीत अठ्ठावन्न.”

बाहेर कुणीतरी काचेची भांडी धूत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“तीन वर्षं,” मॅडम शेवटी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण चढला असता तर बरं झालं असतं. “तीन वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून मोजताय. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

“लक्षातच आलं नाही हो. शपथेवर सांगते. काल तुम्ही वय विचारलंत तेव्हा आलं. मला उठवायचं तर उठवा, पण अहवाल पाठवू नका. आणि मंगळवारच्या आत त्या म्हाताऱ्यांना सांगा, की ते तरुण झालेले नाहीत. तिघांनी लसीच्या यादीतून नावं खोडलीत.”

हे शेवटचं ऐकून मॅडमनी वर पाहिलं. मग त्यांनी समोरचा तक्ता मिटवला, गार चहाचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आधी त्यांच्या घरी फोन लावते. आणि चूक एकट्या तुमची नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जन्मतारीख मी पहिल्या दिवशी विचारायला हवी होती. मासळीवाले सुधारले, साधे सुधारले नाहीत, एवढं तरी खरं आहे. ते त-१वर अवलंबून नाही. पण ‘तरुणांच्या बरोबरीला’ हे गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं.”

“हाती धुपाटणं,” सुईबाई सवयीनं म्हणाली आणि जीभ चावली.

मॅडम मात्र अचानक थांबल्या. त्यांची नजर पहिल्या वहीवर खिळली होती.

“सुईबाई, ह्या वह्या सगळ्या आहेत?”

“सगळ्या. एकतीस.”

“दर मंगळवार? एकच माणूस, तीच पद्धत?”

दोघींनी मिळून वह्या टेबलावर आणल्या. दुपारपर्यंत मॅडम आकडे वाचत होत्या आणि सुईबाई ते उतरवत होती. पहिल्या वर्षी त्या सव्वीसच्या पोरीच्या शंभर पेशी दोनशे नव्वद दाणे खात होत्या. मग वर्षामागून वर्ष आकडा हळूहळू उतरत गेला. एका जागी एकदम खाली गेला होता. सुईबाईनं तारीख पाहिली आणि लेखणी थांबवली. ती आई गेल्यानंतरच्या आठवड्यातली होती. तेव्हा तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं, दुसऱ्या मंगळवारी कामावर हजर झाली होती. पेशींनी मात्र सांगून टाकलं होतं. तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं लपवलेही नाहीत.

चोपन्नाव्या वर्षी आकडा एकशे त्र्याऐंशीवर टेकला होता. आणि तिथून, अगदी सावकाश, तो वर चढत होता. एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे पंचाण्णव. दोनशे एक.

“हे काय?” मॅडम पुढे झुकल्या. “वय वाढतंय आणि आकडाही वाढतोय. तीन वर्षांपूर्वी काय झालं?”

सुईबाईनं आठवून पाहिलं. “नवरा निवृत्त झाला.”

“त्याचा काय संबंध?”

“स्वयंपाक त्यांनी घेतला.” आणि तिनं मासळी, अक्रोड, जवस आणि वरच्या फळीवर गेलेली कढई, सगळं सांगितलं.

मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढावा लागला. मग लगेच शिस्तीवर आल्या. “हा पुरावा नाही हं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. यीस्ट बदललं असेल, तुमची झोप सुधारली असेल, मोजणाऱ्या बाईचा चष्माही बदलला असेल.”

“बदललाय दोनदा.”

“तेही लिहा. सगळं लिहा. कधी काय खाल्लं, कधी आजारी पडलात, कधी रडलात.” त्यांनी वह्यांवर हात ठेवला. “असा एकच माणूस, इतकी वर्षं, दर आठवड्याला... मी तरी पाहिलेला नाही. तरुण आपण नवे आणू, चार-पाच जण, जन्मतारखेसकट. त्याला तीन महिने लागतील, लागू देत. पण पहिलं भोक तुमचंच.”

सुईबाईचं टेबल वाचलं होतं. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, की तुमचा स्वयंपाक वहीत चढलाय. तो दोन दिवस कॉलर ताठ करून वावरला, आणि जवसाची पूड दुप्पट झाली.

मंगळवारी लसीसाठी रांग लागली. मॅडमनी तिघांच्याही घरी फोन केले होते. दोघं मुकाट्यानं येऊन उभे राहिले होते. काकांच्या सुनेनं मात्र निरोप घेऊन ठेवला होता, आणि तो द्यायचा राहून गेला होता. काका आले ते थेट सुईबाईच्या टेबलाशी, हातात कागदात बांधलेलं एक पुडकं.

“हे त्या पोराला द्या. शेवटची पाळी झाली माझी, आता भेट होणार नाही. म्हटलं, सहा महिने त्यानं मला पळवलं, एक सदरा तरी शिवावा. तुमच्याएवढाच म्हणालात ना, त्या बेतानं कापलाय.”

सुईबाईनं पुडकं उघडलं. निळ्या रंगाचा जाड सुती सदरा. खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं ‘त-१’. आणि डाव्या बाहीला आतून एक पट्टी आणि वर एक बटण. बाही दुमडून पट्टी बटणात अडकवली, की ती खाली घसरणार नाही.

“दर मंगळवारी हात पुढे करायचा तर बाही आडवी येते,” काका म्हणाले. “माझी यायची. म्हणून.”

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? तिनं पांढऱ्या कोटावरच सदरा चढवला. खांदे खांद्यावर बसले, मनगट मनगटावर आलं. मग तिनं डावी बाही कोटासकट वर सारली. काकांची नजर खांद्यावरून बाहीवर, बाहीवरून तिच्या कोपराच्या खळीतल्या ठिपक्यांवर गेली आणि तिथंच थांबली.

“सुईबाई... म्हणजे तो पोरगा...”

“मीच, काका. चूक झाली. वहीत वय जुनं राहिलं. तुम्ही तरुणाच्या बरोबरीला आला नाहीत. सुधारलात, पुष्कळ सुधारलात, पण तरुण पेशी तीनशेच्या घरात खातात. छाती पुन्हा भरली तर ह्या पेशी एकट्या पुरायच्या नाहीत. लस घ्या, काका. माझ्यावर रागवा, पण लस घ्या.”

काका बाकावर बसले. त्यांचा चेहरा उतरला, आणि सुईबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ते गळ्यातली टेप बोटांनी चाचपत राहिले.

“कापडी टेप जुनी झाली की ताणते,” ते शेवटी म्हणाले. “इंचाचा सव्वा इंच होतो. आम्ही दर वर्षी नवी घेतो. आणि तुम्ही शिकली-सवरलेली माणसं, एकतीस वर्षं एकच टेप वापरलीत?” त्यांच्या गालाला सुरकुती पडली, मग दुसरी, आणि मग ते खदखदून हसायलाच लागले. “आणि त्या ताणलेल्या टेपनंसुद्धा मला तीन दाण्यांनी हरवलं!”

“हरवलं,” सुईबाई डोळे पुसत म्हणाली.

“वय किती म्हणालात तुमचं?”

“सत्तावन्न.”

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. सदऱ्याचा खांदा चिमटीत धरून सरळ केला, खिशावरचं भरतकाम हातानं दाबून बसवलं.

“अगं, मग पोरच आहेस की,” ते म्हणाले. “माझी थोरली तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मी काही चुकीचं नव्हतो म्हणत.”

मग त्यांनी आपली बाही वर केली आणि दंड पुढे केला. सुईबाईनं लस भरली. टोचून झालं, कापूस दाबला, तरी काका डोळे मिटून बसलेच होते.

“टोच ना, पोरी. किती वेळ?”

“झालं, काका.”

ते रांगेतल्या लोकांना टेपची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला निघून गेले. सुईबाईनं कपाटातून कोरी वही काढली. गर्दीच्या गडबडीत आज तिचं स्वतःचं रक्त काढायचं राहिलं होतं, चहा मात्र झाला होता. तिनं पहिल्या पानावर जुनी ओळ उतरवायला घेतली. ‘त-१’ लिहिलं. ‘तरुण’ हा शब्द क्षणभर लेखणीच्या टोकाशी आला, तो तिनं जाऊ दिला. ‘निरोगी’ लिहिलं, आणि त्यापुढे, ‘वय ५७’. अक्षर चांगलं आलं होतं.

मग तिनं डावी बाही दुमडली, पट्टी बटणात अडकवली आणि रबरी पट्ट्याचं टोक दातांत धरलं.